रात्रपाळी आणि बायका : बेळगाव-निपाणी-खानापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती, हत्तरगी, निपाणी, खानापूर आणि सीमेपलीकडून, म्हणजे महाराष्ट्रातून, चंदगड, कागल. एवढ्या भागातून फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि कधी समोर बसून पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. बहुतेक काम करणाऱ्या बायकांचे आहेत. काही नवऱ्यांचे, सासऱ्यांचे आहेत आणि दोन-चार मालकांचेही. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. एकाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. बायकांनी कारखान्यात रात्री काम करायचंच नाही असा कायदा आहे ना?

होता. आता नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत कामावर ठेवता येत असे. कर्नाटकात हे चित्र २०१९ साली बदललं. आज रात्रपाळीला मनाई नाही, पण दोन गोष्टी लागतात: बाईची स्वतःची संमती आणि मालकाने पाळायच्या अटी. यातली एक जरी नसली तरी ती रात्रपाळी बेकायदा. म्हणून "आता सगळं खुलं झालंय" असं कुणी म्हणालं तर ते अर्धंच खरं समजा.

२. माझी सेकंड शिफ्ट आहे, दुपारी ३ ते रात्री ११. ती रात्रपाळी नव्हे ना?

कायद्याच्या लेखी संध्याकाळी ७ नंतरचा आणि सकाळी ६ च्या आधीचा प्रत्येक तास रात्रीचा. तुमच्या शिफ्टमधले ७ ते ११ हे चार तास त्यात बसतात. संमती, गाडी, सुरक्षा यांच्या अटी तुम्हालाही लागू आहेत.

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. कंपनीत "नाईट" म्हणजे थर्ड शिफ्ट एवढंच समीकरण पक्कं झालेलं असतं. त्यामुळे थर्डला गाडी असते, पण सेकंडवाल्या अकरा वाजता गेटवर वडापची (शेअर जीपची) वाट बघत उभ्या. पहाटे ५ ला सुरू होणाऱ्या फर्स्ट शिफ्टचंही तेच, कारण सहाच्या आधीचा तास आलाच.

३. ही बंदी घातली कुणी आणि उठवली कुणी?

मूळ बरंच जुनं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्ये, आपल्या पहिल्याच परिषदेत, बायकांच्या रात्रीच्या कामावर बंदी घालणारा करार केला. त्या काळी गिरण्यांत बायकांना कितीही तास राबवत, तेव्हा हेतू संरक्षणाचाच होता. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने तीच दिशा धरली. राज्य सरकारला वेळेत थोडा फेरफार करायची मुभा होती, पण रात्री १० ते पहाटे ५ या वेळेला कुणालाच हात लावता येत नव्हता.

त्याचा दुसरा परिणाम असा झाला की रात्रीच्या पगाराची, ओव्हरटाइमची, बढतीची कामं पुरुषांकडेच राहिली. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने वसंता आर. खटल्यात ही बंदी समानतेच्या हक्काविरुद्ध असल्याचं ठरवून रद्द केली आणि त्याच निकालात सुरक्षिततेच्या अटींची लांबलचक यादी दिली. कर्नाटकाने नोव्हेंबर २०१९ मध्ये अधिसूचना काढून नोंदणीकृत कारखान्यांत रात्रपाळीला सशर्त परवानगी दिली. २०२३ मध्ये राज्याने दुरुस्ती करून ही मोकळीक कारखाने कायद्यातच घातली. पुढची पायरी प्रश्न ४ मध्ये.

४. आता नवीन लेबर कोड आलाय म्हणतात. मग जुनं सगळं रद्द?

केंद्राच्या चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. रात्रपाळीशी थेट संबंध व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहिता, २०२० हिचा. तिचं कलम ४३ सांगतं की बायकांना सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांसाठी ठेवता येईल, आणि सकाळी ६ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर त्यांच्या संमतीने, सुरक्षा, सुट्टी आणि कामाचे तास यांच्या अटींवर.

१९४८ चा कायदा या संहितेत विलीन झाला. मात्र जुन्या कायद्याखालचे नियम आणि अधिसूचना, नव्या संहितेच्या विरोधात जात नाहीत तेवढ्यापुरत्या, पुढे चालू राहतात, अशी तरतूद संहितेतच आहे. त्यामुळे "नवा कोड आलाय, जुन्या अटी संपल्या" हे एचआरचं वाक्य ऐकून गप्प बसायचं कारण नाही. खाली जिथे जुन्या कायद्याची कलमं दिलीत, ती आजवर कारखान्यात ज्यावर कारभार चालला त्याची आहेत.

५. साहेब सही करा म्हणायलेत. नाही केली तर कामावरून काढतील का?

संमती म्हणजे तुमची खुशी. ती मागता येते, लादता येत नाही. रात्रपाळीला नकार दिला हे काही गैरवर्तन नव्हे आणि त्या कारणावरून काढून टाकणं कोर्टात टिकवणं मालकाला अवघड जाईल.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात सहसा कुणी "काढतो" असं म्हणत नाही. म्हणतात, "दिवसाला जागा नाही, रात्रीची असेल तेव्हा सांगतो." मग आठ दिवस काम नाही, पंधरा दिवस काम नाही. अशा वेळी तोंडी भांडण्यापेक्षा एक साधा अर्ज द्या: "मी अमुक तारखेपासून दिवसपाळीवर कामास तयार आहे, मला काम द्यावे." तारीख घाला, एक प्रत ठेवा, पोच घ्या. पोच देत नसतील तर पोस्टाने रजिस्टर पाठवा. तुम्ही काम सोडलं नाही, तुम्हाला दिलं गेलं नाही, एवढं या एका कागदाने सिद्ध होतं. लेबर ऑफिसात पहिला प्रश्न तोच असतो.

भरती होतानाच्या फॉर्ममध्ये "कोणत्याही पाळीत काम करण्यास तयार" अशी ओळ छापलेली असते. ती रात्रपाळीची संमती म्हणून पुरेशी समजू नये. रात्रपाळीसाठी वेगळी, लेखी संमती असावी, आणि तुम्ही कशाला हो म्हणताय हे त्यात दिसावं.

६. फॉर्म कन्नडमध्ये आहे. मला बोलायला येतं, वाचायला येत नाही. सही करू का?

वाचून घेतल्याशिवाय करू नका. दोन आठवड्यांत दहा जणींनी हाच प्रश्न विचारावा इतका तो नेहमीचा आहे.

जुन्या कायद्याचं कलम १०८ म्हणतं की कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि त्या कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत हव्यात. गाव कुठल्या राज्यात आहे याच्याशी या कलमाला देणंघेणं नाही, ते शॉपवर, म्हणजे कामाच्या विभागात, कोण उभं आहे ते बघतं. मच्छेच्या एखाद्या युनिटात साठातल्या चाळीस जणी मराठी बोलणाऱ्या असतील तर पाळ्यांचा तक्ता मराठीत मागायला काहीच हरकत नाही.

संमतीपत्र ही सूचना नव्हे, ती तुमची कबुली. म्हणून तिथे आणखी जपा. फोटो काढा, घरी किंवा शेजारी कन्नड वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवा, मगच सही. सही करताना वर मराठीत एक ओळ लिहिता येते: "मजकूर मला मराठीत समजावून सांगितला, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत संमती." अशी मुदत लिहिली की प्रश्न ७ उद्भवतच नाही.

७. मागच्या वर्षी सही केली होती. आता सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. नाही म्हणता येईल?

येईल. एकदा दिलेली संमती जन्मभराची, असं कुठल्याही कलमात नाही. लेखी कळवा आणि पाळी लावायला मालकाला थोडा अवधी द्या. उद्याच्या पाळीला आज संध्याकाळी नाही म्हणणं आणि आठ दिवस आधी कळवणं यात तुमच्या बाजूने खूप फरक पडतो.

८. गाडी घरापर्यंत यायला पाहिजे की फाट्यापर्यंत?

घरापर्यंत. कर्नाटकाच्या अटींत निवासस्थानापासून कामाच्या जागेपर्यंत आणि परत अशी वाहतूक मालकाने द्यायची आहे, सुरक्षारक्षकासह आणि गाडीत सीसीटीव्हीसह.

प्रत्यक्षात काय होतं? होनग्याहून सुटलेली ट्रॅक्स हायवेच्या फाट्यावर थांबते. ड्रायव्हर सांगतो, आत रस्ता खराब आहे, टायर जातो. फाट्यापासून गाव दीड किलोमीटर आत, दोन्ही बाजूंना ऊस, दिवा नाही. बाई मोबाईलची बॅटरी लावून चालते आणि नवरा किंवा दीर मोटारसायकल घेऊन अर्ध्या वाटेवर उभा असतो. त्या दीड किलोमीटरची जबाबदारी कंपनीने अलगद घरच्यांवर ढकललेली असते. सगळी अट याच तुकड्यासाठी आहे, गेट ते हायवे हा रस्ता तसाही वर्दळीचाच.

गल्ली इतकी अरुंद की गाडी शिरतच नाही, असं शहापूर-वडगावच्या जुन्या भागात होतं. तिथे गल्लीच्या तोंडाशी उतरवून बाई दारात पोचेपर्यंत गाडी आणि रक्षक थांबणं हा समंजस तोडगा आहे. तो कंपनीला लेखी सुचवा.

गाडी मोफत असते. पगारातून "ट्रान्सपोर्ट" म्हणून कपात होत असेल तर पगारपत्रकाची प्रत जपून ठेवा.

९. मालक म्हणतात, बायकांना बस फुकट आहे की, गाडी कशाला?

शक्ती योजना (११ जून २०२३ पासून) सरकारची. तिने मालकाची जबाबदारी माफ होत नाही. शिवाय रात्री साडेअकराला खानापूर रोडवरच्या आतल्या गावाला जाणारी बस दाखवा म्हणावं. चंदगडहून येणाऱ्या बायकांना तर ही सवलत नाहीच, ती कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी आहे.

१०. आमच्या शॉपमध्ये रात्री आम्ही दोघीच असतो. चालतं का?

नाही. मद्रासच्या निकालापासून चालत आलेली आणि कर्नाटकानेही घेतलेली अट अशी की रात्री बायकांचा गट किमान दहा जणींचा हवा. पर्यवेक्षकांपैकी किमान एक तृतीयांश बायका हव्यात. उजेड, स्वतंत्र स्वच्छतागृह, विश्रांतीची जागा, गेटवर महिला रक्षक, औषधोपचाराची सोय हे सगळं त्याबरोबर येतं.

छोट्या फाउंड्रीतल्या (ओतकामाच्या कारखान्यातल्या) मालकांचं म्हणणं आम्ही ऐकलं आहे: कोअर शॉपमध्ये (साच्यातले वाळूचे गाभे बनवतात तिथे) मुळात पाच-सहा जणीच, दहा कुठून आणू? उत्तर सरळ आहे. दहा होत नसतील तर त्या कोअर दिवसाच्या पाळीत भरून घ्या. साच्याचे कोअर आदल्या दिवशी करून ठेवता येतात हे उद्यमबागेत कुणाला सांगायला नको.

११. रात्रीचे पैसे जास्त मिळतात का?

रात्रपाळी आहे म्हणून जादा दर द्या, असं कायदा सांगत नाही. नाईट अलाउन्स मिळत असेल तर तो कंपनीच्या करारातून किंवा रिवाजाने. ओव्हरटाइम मात्र दुप्पट दरानेच, दिवस असो की रात्र, आणि तोही तुमच्या संमतीने.

कर्नाटकाच्या २०२३ च्या दुरुस्तीने दिवसाचे तास १२ पर्यंत नेता येतात, पण आठवड्याचे ४८ च राहतात आणि कामगाराची लेखी संमती लागते. बारा-बारा तासांचे चार दिवस झाले की आठवडा भरला. पाचव्या दिवशी बोलावलं तर तो ओव्हरटाइम. तीन महिन्यांत ओव्हरटाइमची मर्यादा याच दुरुस्तीने ७५ तासांवरून १४४ वर नेली. बायकांच्या रात्रपाळीची मोकळीक आणि बारा तासांचा दिवस एकाच दुरुस्तीत आले हा योगायोग वाटत नाही, पण ते आमचं मत.

१२. शनिवारी रात्री १० ला आत जाते, रविवारी सकाळी ६ ला सुटते. सोमवारी सकाळी ६ ला परत बोलावलं. रविवारची सुट्टी मिळाली का?

काटेकोर हिशेबाने, हो. जुन्या कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत सुट्टीचा दिवस म्हणजे पाळी सुटल्यापासूनचे सलग २४ तास. रविवार सकाळी ६ ते सोमवार सकाळी ६ पूर्ण झाले. रविवारी रात्री १० ला बोलावलं असतं तर सोळाच तास झाले असते, ती सुट्टी नव्हे. मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसाच्या खात्यात धरायचे, हेही तिथेच आहे.

१३. बुधवारपर्यंत दिवस, गुरुवारपासून एकदम नाईट लावली.

असं करता येत नाही. कलम ६६ मध्येच होतं की बायकांची पाळी साप्ताहिक किंवा इतर सुट्टीनंतरच बदलायची. शिवाय दिवसाची पाळी संपून रात्रीची सुरू होताना मध्ये किमान सलग १२ तासांची विश्रांती हवी. दुपारी २ ला सुटलेल्या बाईला त्याच रात्री १० ला बोलावलं तर मध्ये आठच तास होतात.

१४. मी पाच महिन्यांची गरोदर आहे. नाईटला जाऊ नको म्हणायला कारण द्यावं लागेल का?

संमती न देण्याला कारण लागतच नाही (प्रश्न ५). त्याखेरीज मातृत्वाचे स्वतंत्र हक्क आहेत. बाळंतपणानंतर सहा आठवडे कामावर ठेवायलाच मनाई आहे. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे सुरू होण्यापूर्वीचा एक महिना जड किंवा फार वेळ उभं राहायचं काम देऊ नये, अशी मागणी तुम्ही करू शकता. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त आठ आधी. दोन हयात मुलांनंतर १२ आठवडे. रजेवर असताना नोकरीवरून काढणं बेकायदा आहे.

१५. मुलगी सतरा वर्षांची, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आहे. नाईटला पाठवू का?

नाही. मोठ्यांसारखं काम करायला योग्य असा दाखला असला तरी अठरा पूर्ण न झालेल्या मुलीला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत कामावर ठेवता येतं, असं कलम ७० सांगत होतं. रात्रपाळीची मोकळीक प्रौढ बायकांसाठी आहे. आधारवरचं वय एक, खरं एक, असले उद्योग करू नका. अपघात झाला तर भरपाईच्या वेळी तेच आडवं येतं.

१६. मी इंजिनिअर आहे, कामगार नाही. मला या अटी लागू नाहीत असं एचआर म्हणतो.

जुन्या कायद्यात याचं उत्तर स्पष्ट होतं. कलम ६४ खाली पर्यवेक्षक आणि व्यवस्थापक मंडळींना कामाच्या तासांच्या बहुतेक तरतुदींतून वगळता येत होतं, पण बायकांच्या रात्रपाळीचं कलम मुद्दाम त्या सवलतीच्या बाहेर ठेवलं होतं. नव्या संहितेच्या कलम ४३ मध्येही शब्द "महिला" असा आहे, "महिला कामगार" असा नाही. हत्तरगीसारख्या ठिकाणी क्वालिटी विभागात रात्री बसणाऱ्या डिप्लोमावाल्या मुलींनी हे लक्षात ठेवावं.

१७. मी कॉन्ट्रॅक्टरकडे आहे. कंपनी म्हणते त्याला विचार, तो म्हणतो कंपनीला विचार.

कारखान्याच्या भिंतीच्या आत काम करणारी बाई कुणाच्याही हजेरीपटावर असो, सुरक्षेची जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादाराची, म्हणजे कारखाना ज्याच्या अंतिम ताब्यात आहे त्याची. जुन्या कायद्यात कॉन्ट्रॅक्टरने सोयी दिल्या नाहीत तर मूळ मालकाने द्यायच्या असत; नव्या संहितेत त्या थेट मूळ मालकानेच द्यायच्या. अर्ज करताना दोघांच्या नावे करा.

१८. मी चंदगड तालुक्यातून बेळगावला येते. माझी जाऊ निपाणीहून कागलच्या एमआयडीसीत जाते. कुणाला कुठला कायदा?

कारखाना उभा आहे त्या राज्याचे नियम. तुम्हाला कर्नाटकाचे, जावेला महाराष्ट्राचे. महाराष्ट्राने आपल्या दुरुस्तीने रात्रपाळीची वाट कर्नाटकाआधीच मोकळी केली होती, आणि आता केंद्राची संहिता दोन्हीकडे एकच. फरक राज्यांच्या नियमांत आणि तक्रार कुठे करायची यात. तुम्ही बेळगावच्या कार्यालयात, त्यांनी कोल्हापूरच्या.

गाडीच्या बाबतीत "आमची गाडी राज्याची हद्द ओलांडत नाही" असं चंदगडच्या बायकांना ऐकवलं जातं. परमिटची अडचण खरी असू शकते, पण ती मालकाने सोडवायची. निवासस्थान म्हणजे निवासस्थान. त्या अटीत राज्याचं नाव नाही. शिनोळीच्या नाक्यावर उतरवून चालणार नाही.

१९. निपाणीत वखारीत तंबाखूचं काम करतो, घरी बिड्या वळतो. आम्हाला पण हेच?

थोडं वेगळं. बिडी आणि सिगार कामगारांचा १९६६ चा स्वतंत्र कायदा होता आणि त्याच्या कलम २५ मध्ये बायकांना औद्योगिक जागेत सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढीच मुभा होती. तोही कायदा आता प्रश्न ४ मधल्या संहितेत गेला, म्हणजे रात्रीच्या कामाला संमतीचं तेच तत्त्व इथेही आलं.

घरी बिडी वळण्यावर वेळेचं बंधन जुन्या कायद्यातही नव्हतं, कारण राहतं घर औद्योगिक जागेत मोजत नसत. भाकऱ्या उरकल्यावर सूप मांडीवर घेऊन बारा वाजेपर्यंत पानं कातरणारी बाई कुठल्याच रात्रपाळीच्या आकडेवारीत येत नाही. निपाणीत बायकांचं रात्रीचं काम कायद्याने कधी बंद झालंच नव्हतं. ते गेटच्या आतून घरात गेलं, एवढंच. तिथे गाडीचा प्रश्न नाही. मजुरीचा, बिडी कामगार म्हणून ओळखपत्राचा आणि पीएफचा आहे, आणि तो हक्क घरी वळणाऱ्यांनाही आहे.

वखारीत हंगामात उशिरापर्यंत थांबवून घेतात. तिथे कायदा लागू होतो की नाही हे माणसांच्या संख्येवर ठरतं, त्यासाठी प्रश्न २० पाहा.

२०. वडगावात आमचे आठ माग आहेत, सहा बायका कामाला. आम्ही कारखाना आहोत का?

जुन्या हिशेबाने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० माणसं, विजेशिवाय २०. नव्या संहितेत कारखान्यासाठी हे आकडे २० आणि ४० झाले. पण कलम ४३ फक्त कारखान्यापुरतं नाही, ते आस्थापनांना लागू आहे आणि तिथे आकडा १० चा आहे. म्हणजे बारा जणांचं मागाचं शेड "आम्ही आता फॅक्टरी नाही" म्हणून सुटत नाही. घरचे सोडून सहाच जणी असतील तर तुम्ही या कलमाच्या बाहेर. त्याचा अर्थ रात्री दोनला कुणालाही एकटीला घरी पाठवा असा नव्हे.

२१. दिवसासुद्धा बायकांना मनाई असलेली कामं कुठली?

१९४८ च्या कायद्यात चालू यंत्राच्या फिरत्या भागांची सफाई, ऑइलिंग, जुळवाजुळव बायकांना करू द्यायची नाही असं होतं (कलम २२). कापसाच्या ओपनर यंत्राजवळ मनाई (कलम २७). शिवाय कलम ८७ खाली राज्यांनी धोकादायक ठरवलेल्या प्रक्रिया, उदाहरणार्थ बॅटरीच्या कामातली शिशाची काही कामं. नव्या संहितेचा कल वेगळा आहे: काम बंद करण्याऐवजी, काम सुरू होण्याआधी मालकाने पुरेशी संरक्षणाची सोय करावी असं सरकार सांगू शकतं (कलम ४४). चालू मशीनमध्ये हात घालायला सांगितला तर मात्र बाई-पुरुष हा प्रश्नच येत नाही. मशीन बंद करा.

२२. कंपनीच्या गाडीत ड्रायव्हर अचकट-विचकट बोलतो. कंपनी म्हणते तो बाहेरचा माणूस.

२०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात मालकाने पुरवलेलं वाहनही कामाची जागाच धरलं आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच: अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्याहून कमी नाही इतक्या बायका, एक बाहेरची व्यक्ती. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्या, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. कंपनीत समिती नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. धोका आत्ताचा असेल तर आधी ११२ लावा, महिला हेल्पलाइन १८१.

२३. नाईट सुटून घरी येताना गाडी उलटली. ते कामावरचं धरतात का?

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायद्यात २०१० साली घातलेल्या कलम ५१-ई ने घर ते काम या प्रवासातला अपघात, वेळ-जागा-कामाचा संबंध जुळत असेल तर, कामावरचाच मानला जातो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. पुरावा जुळवताना अडतं. कोण कुठल्या गाडीत, किती वाजता सुटली, याची यादी गेटवर असते. तिचा फोटो अधूनमधून मोबाईलमध्ये असू द्या.

२४. (एका मालकाचा प्रश्न) एवढ्या अटी पाळायच्या तर बायका घेतल्याच नाहीत तर?

हे उघडपणे विचारणारे कमी, मनात धरणारे जास्त. १९७६ च्या समान वेतन कायद्यात भरतीत भेदभाव करायला मनाई होती, अपवाद एकच: जिथे कायद्यानेच बायकांना बंदी आहे. आता ती बंदीच उरली नाही, त्यामुळे त्या अपवादाआड लपता येत नाही. वेतन संहितेतही भरतीतला भेदभाव बंद आहे. व्यवहाराचं सांगायचं तर एकाच वसाहतीतल्या दोन-तीन युनिटांनी मिळून गाडी आणि महिला रक्षक ठेवले तर खर्च वाटून जातो.

२५. तक्रार कुठे करायची? मराठीत चालेल?

पाळ्या, गाडी, सुरक्षा यांसाठी कर्नाटकाच्या कारखाने व बाष्पके खात्याचं बेळगावचं कार्यालय. पगार, कपात, कामावरून काढणं यासाठी कामगार खातं. ही दोन वेगळी दारं आहेत. चुकीच्या दारात गेल्यामुळे हेलपाटे घालणाऱ्या बायका आम्ही नेहमी बघतो.

भाषेचं म्हणाल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. मराठी अर्ज नाकारला तर हे कलम अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. तरीही आमचा सल्ला असा की सोबत अर्ध्या पानाचा कन्नड सारांश जोडा. हक्क एका बाजूला आणि टेबलावरचा कारकून दुसऱ्या बाजूला, काम लवकर व्हायला दोन्ही लागतात.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारात आहे, फोन १५१००. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्ड कुठल्या रंगाचं हेही बघत नाहीत.